सोळा तासांचं काय कौतुक!

सॅन फ्रान्सिस्कोहून मुंबईला विनाथांबा विमानानं सोळा तास अवघडून आलेले जावईबापू गुडघे चोळत व्यथा सांगायचे, तेव्हा आम्ही सोलापूरकर गालात हसायचो. आम्ही तर विमानात न बसताच वर्षानुवर्षं ताटकळलो, तेही विनाथांबा! होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत आडवी येत होती. (आमची चिमणी स्वतः उडत नाही, दुसऱ्यालाही उडू देत नाही.) १५ जून २०२३ ला ती पाडली. मग पुन्हा वाट पाहणं आलंच. एवढ्यात कडक भाकरीही मऊ पडली असती! अखेर ९ जून २०२५ ला विमान उडालं, पण गोव्याला. पुढं मुंबईचंही सुरू झालं. जावईबापू मात्र अजून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनंच येतात. म्हणतात, तिथं आडवं तरी होता येतं.