दाखल्याची उंची

अमेरिकेतील विद्यापीठांचे बास्केटबॉलचे हेर कनिष्ठ महाविद्यालयांच्या क्रीडागृहांतून हिंडत पोरांच्या उड्या निरखतात, हा निव्वळ द्रव्याचा अपव्यय होय. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जेथे अहमदनगर महाविद्यालय १९४७ पासून विद्यादान करीत आले आहे, तेथे खेळाडू पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. कारण एकोणीस वर्षांखालील स्पर्धेचा दाखला जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत खेळाडूहून उंच होतो, बारावीच्या गुणपत्रिकेत सवलतीचे गुण टाकतो, आणि चेंडू आपटण्यापूर्वीच शिक्का आपटल्याचा ध्वनी दप्तरातून ऐकू येतो. अकोले तालुक्यातील एखादा लांब हातांचा मुलगा ३.०५ मीटर उंचीच्या, जाळी तुटलेल्या कडीत दहांतले नऊ चेंडू टाकीत असेलही. परंतु अर्जाची मुदत टळल्यावर टाकलेले चेंडू आत गेले, असे कोणत्या आधारे मानावे?

तेव्हा आमची नम्र सूचना अशी की, आंतरविद्यापीठ बास्केटबॉल सामन्यांत यापुढे साक्षांकित दाखलेच उतरवावेत. मुलांस प्रवासभत्ता लागतो, दाखल्यास टपालाचे तिकीट पुरते. कडीही मग इतकी उंच नको. साहेबांच्या टेबलाचा खण पुरे. सामना बरोबरीत सुटल्यास जावक क्रमांक पाहावा.