जुना पॉवर अँप्लिफायर घेताना

पॉवर अँप्लिफायर एकच काम करतो: प्री-अँपकडून आलेला अशक्त सिग्नल स्पीकर हलवण्याइतका दांडगा करणे. बहुतेकांना आवाजाचे बटणही नसते. समोर एक स्विच आणि एक दिवा, एवढ्यावर भागते. तरीही नामांकित नवा अँप मोटारीच्या भावात जातो, म्हणून शौकिनांची पावले जुन्या मालाकडे वळतात. या बाजारात क्रेल, थ्रेशोल्ड, मार्क लेव्हिन्सन, मॅकिंटॉश ही अमेरिकन नावे घराणी सांगावीत तशा आदराने उच्चारली जातात.

इथे दर्जा आधी किलोवर ठरतो, आणि ते अगदीच खुळेपणाचे नाही. वजन असते ट्रान्सफॉर्मरचे आणि हीटसिंकचे, आणि स्वस्त कंपन्या काटकसर तिथेच करतात. मॅकिंटॉशचा एमसी 2300 पन्नास किलोंहून जड, दर चॅनेलला 300 वॅटचा. ग्रेटफुल डेड या बँडने 1974 साली मैदाने दणाणून सोडणारी जी ध्वनिव्यवस्था उभारली, तिच्यात हेच अँप होते. आज तो दहा बाय बाराच्या हॉलसाठी घेतला जातो, आणि त्यावर रात्री दहानंतर भीमसेन हळू आवाजात लागतात. अशा ऐकण्याला एक-दोन वॅट पुरतात. शंभराचे दोनशे वॅट केले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबलने चढतो. उरलेले वॅट मुदतठेवीसारखे: मोडायचे नसतात, पण आहेत म्हणून झोप लागते.

क्लास ए ही या छंदातली सोवळी जात. अशा अँपच्या ट्रान्झिस्टरांतून प्रवाह सतत वाहतो, गाणे लावा अगर लावू नका. मार्क लेव्हिन्सनचा एमएल-2 देतो 25 वॅट, खातो सुमारे 400, आणि तोही एकाच स्पीकरपुरता; दोन स्पीकरांना दोन नग लागतात. उरलेली वीज खोली तापवण्यात जाते. कडाक्याच्या थंडीच्या मुलखात ही सोय म्हणायची. चेंबूरमध्ये मे महिन्यात अँपसाठी एसी लावावा लागतो, आणि मग एसीच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवावा लागतो.

तपासणीचा क्रम बहुतेक जण उलटा करतात: आधी ऐकतात, तिथेच विरघळतात. कान शेवटी वापरावा. पहिला मान डोळ्यांचा. मागची पट्टी वाचावी. अमेरिकन माल 120 व्होल्टचा, जपानमधला 100 चा. आपल्या 230 ला तो थेट जोडला की व्यवहार तिथेच धुरात संपतो. काही अँपमध्ये प्रायमरी वाइंडिंगची जोडणी बदलता येते. जिथे येत नाही तिथे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तो स्वतःचा वेगळा गुणगुणाट घेऊन येतो.

मग झाकण उघडायला सांगावे. ‘सिंगल ओनर, अनटच्ड’ म्हणणारा विक्रेता इथे किंचित गंभीर होतो. आत एका बाजूचे ट्रान्झिस्टर जुने, मळकट आणि दुसऱ्या बाजूचे चकचकीत दिसले, तर कोणाचा तरी हात लागलेला आहे. मूळ ट्रान्झिस्टर जोड्या जुळवून बसवलेले असतात. पुढे ते मिळत नाहीत, आणि अस्सल नाव छापलेली नक्कल मात्र हवी तितकी मिळते. झुरळांची अंडी सापडली तर घाबरू नये. मुंबईच्या दमट हवेत उबदार खोली सगळ्यांनाच हवी असते. फक्त ती सर्किटवर आहेत का, एवढे पाहावे.

नंतर नाक. जळक्या रेझिनचा वास ओळखू येतो. फुटलेल्या कपॅसिटरला कधीकधी मासळीचा वास येतो, तो कोकणी माणसाच्या नाकातून सुटत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हेच जुन्या अँपचे खरे वय. तापमान 10 अंशांनी चढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि नुसते पडून राहूनही ते बिघडतात. त्यामुळे ‘वापरलाच नाही हो, कपाटात होता’ हे कौतुक नव्हे, कबुली आहे. रीकॅप करायचा, म्हणजे हे कपॅसिटर बदलायचा, खर्च आधीच किमतीतून वळता करावा.

अँप आपण पोचण्याआधी सुरू करून ठेवलेला असेल, तर बंद करून थंड होऊ द्यावा. चहा घ्यावा, पण उठू नये. थंड अवस्थेतले दोष गरम झाल्यावर लपतात. मग स्पीकर न जोडता, सिग्नल न देता, आउटपुटवर मल्टिमीटर लावून डीसी मोजावा. काही मिलिव्होल्ट चालतात. पूर्ण व्होल्ट दिसला की आभार मानून निघावे, नाहीतर वूफरची कॉइल जळू शकते. तासाभराने दोन्ही हीटसिंकवर तळवे ठेवावेत. एक तापलेला, एक गार, तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरांना दिलेला कायमचा प्रवाह, बिघडलेला. एवढे झाल्यावर गाणे लावावे. गाणे थांबवून कान स्पीकरला लावल्यावर ‘हूं’ असा बारीक सूर आला, तर फिल्टरचे कपॅसिटर संपत आलेत, किंवा अर्थिंगचा घोळ आहे. विक्रेता अर्थिंगचे म्हणेल.

नेताना मूळ खोका असेल तर त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत. आदळआपटीत ट्रान्सफॉर्मर सुटला की शासी वाकते. घरी पहिल्यांदा सिरीज लॅम्पमधून, म्हणजे वाटेत एक दिवा जोडून, वीज द्यावी. दिवा भपकन लागून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. क्लास ए असेल तर दिवा थोडा उजळच राहतो, त्याला दोष समजू नये. पहिल्या संध्याकाळी लावायचे स्पीकर असे असावेत, की ज्यांच्यावर घरात कोणाचाच जीव नाही.