अजून एक संदर्भ बघून घेतो!

शाळेत मराठीच्या पेपरात मुद्दे तयार मिळतात. म्हातारा शेतकरी, आळशी मुलगे, शेतात धन पुरल्याची थाप, खोदाखोद, भरघोस पीक, तात्पर्य. मधल्या जागा ‘एका गावात’ आणि ‘तेव्हा’ यांनी भरायच्या, शीर्षक द्यायचं आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. हाच विद्यार्थी पुढे पीएच.डी.ला बसतो तेव्हा त्याच्यासमोर टिपणांचा ढीग असतो. त्यात म्हातारा सापडतो, सहा पुस्तकांत सहा वेगवेगळ्या वयांचा सापडतो. पण आधी खोदाखोद सांगायची की आधी थाप, हे आता फळ्यावर कुणी लिहून देत नाही. तात्पर्य तर कुठल्याच टिपणात नसतं.

मग तो काय करतो? आणखी टिपणं काढतो.

यामागे आळस नसतो, उलट कष्टच असतात. शिवाय ते कष्ट दिसतात. ग्रंथालयात मान खाली घालून उतरवून घेणारा माणूस जगाला कामात दिसतो. आराखडा करणारा माणूस घरी छताकडे बघत पडलेला असतो, आणि त्याला दळण आणायला पाठवतात. त्यामुळे ‘लिखाण कुठवर आलं?’ या प्रश्नाला ‘अजून एक संदर्भ बघून घेतो’ हे उत्तर वर्षानुवर्षं चालतं.

इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांनी हा रोग ओळखला होता. प्रबंध कसा लिहावा यावर त्यांनी १९७७ मध्ये एक पुस्तकच लिहिलं. त्यात ते झेरॉक्सच्या मोहापासून सावध करतात: पानांची प्रत हाती आली की ती वाचल्यासारखंच वाटू लागतं, आणि मग ती वाचली जात नाही. तेव्हा निदान झेरॉक्सला पैसे पडायचे. आता पीडीएफ फुकट उतरतात, त्यामुळे न वाचण्याला मर्यादाच उरलेली नाही. एकोंचा दुसरा सल्ला त्याहून जाचक. अनुक्रमणिका शेवटी करायची वस्तू नव्हे, ती आधी लिहा, असं ते म्हणतात. पुढे ती दहा वेळा बदलेल, बदलू द्या. पण ती असली की कुठलं पुस्तक वाचायचं नाही, हे तरी कळतं.

टिपण काढायचीही एक रीत आहे. ब्रिटिश समाजसंशोधक बिआट्रिस वेब यांनी १९२६ च्या आपल्या आत्मकथनात तिच्यासाठी वेगळं परिशिष्ट दिलं. त्यांचा नियम असा, की एका कागदावर एकच गोष्ट लिहायची. म्हणजे कागद पुन्हापुन्हा पिसता येतात, आज तारखेनुसार लावले तर उद्या गावानुसार लावता येतात. मराठी संशोधक इथेच अडतो, कारण तो पाठकोऱ्या कागदांवर वाढलेला असतो. लाइटबिलाच्या पाठीवर, लग्नपत्रिकेच्या आतल्या बाजूला, आणि जागा उरली तर कडेने उभ्या ओळींत, असं त्याचं टिपण. त्याची एक बाजू दुसऱ्या प्रकरणात जाते, दुसरी पाचव्यात आणि कडेची ओळ परिशिष्टात. कागद मात्र एकच. शेवटी काटकसरीने वाचवलेला तो कागद झेरॉक्सला न्यावा लागतो.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांचा हात कुणी धरू शकलेलं नाही. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. १, १अ, १अ१ असे फाटे फोडत त्यांना क्रमांक दिले, आणि त्यांतून पन्नासाहून अधिक पुस्तकं काढली. बीलेफेल्ड विद्यापीठात रुजू होताना संशोधनाचा विषय विचारला गेला, तेव्हा त्यांनी कळवलं: समाजाचा सिद्धान्त, मुदत ३० वर्षं, खर्च काही नाही. समाजावरचा तो मोठा ग्रंथ १९९७ मध्ये आला. आपल्याकडे इतक्या मुदतीचा अर्ज दिला तर खर्चाचा रकाना रिकामा ठेवला म्हणून तो परत येईल.

पुण्यालाही चिठ्ठ्यांचं मोठं घर आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे १,५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या. पहिला भाग १९७६ मध्ये छापून झाला, आणि पस्तीस खंड निघाले तरी गाडी ‘अ’मध्येच होती. कोशात सगळं अकारविल्हे असतं, म्हणून वरवर वाटतं की आराखड्याची कटकट नाही. पण प्रत्येक शब्दाचे अर्थ काळाच्या क्रमाने लावायचे, म्हणजे जितके शब्द तितके आराखडे. इतिहासलेखनातही जमवाजमवच पुढे राहिली. इतिहासाचार्य राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले, पण मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्या हातून लिहून झाला नाही. तरी त्यांच्या काही प्रस्तावना स्वतंत्र पुस्तकं शोभाव्यात अशा आहेत. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशात तर पहिले पाच खंड प्रस्तावनेचे! मराठी माणसाला विषयात शिरायला वेळ लागतो, पण दाराशी तो भरपूर बोलतो.

सामान्य प्रबंधकाराचा आराखडा मात्र जमिनीवर होतो. पंखा बंद करून कागद मांडले जातात. पहिल्या मांडणीत गठ्ठे पुस्तकांनुसार पडतात, आणि तसंच लिहिलं तर प्रकरण होतं ते ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ असं, म्हणजे सभेचं इतिवृत्त. दुसऱ्या मांडणीत गठ्ठे मुद्द्यांनुसार पडतात. त्यात सगळ्यांत उंच गठ्ठा ‘संकीर्ण’चा निघाला, तर खुशाल समजावं की या माणसाने अजून प्रश्नच ठरवलेला नाही. प्रश्न ठरला की तो गठ्ठा झपाट्याने उतरतो, पण खरं दुःख तिथूनच सुरू होतं. तंजावरला जाऊन, उन्हात रांग लावून, मोडीतून उतरवून घेतलेलं एखादं सुंदर टिपण कुठल्याच मुद्द्याखाली बसत नाही. ते चौथ्या प्रकरणात घुसवून पाहतात, मग प्रस्तावनेत, मग तळटिपेत. तळटीप मूळ मजकुराहून लांब होते. मार्गदर्शक तिच्यावर तांबडी रेघ मारतात, आणि टिपण निमूट संकीर्णमध्ये परत जातं.

मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, प्रबंध चाळतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, ‘तंजावरची कागदपत्रं पाहिलीत की नाही?’