खोलीवाले तात्या

कणकवलीतला मुलगा दुबईला निघाला, की व्हिसा हातात आला आणि मोपाहून विमानाचं तिकीटही निघालं, तरी घरातली माणसं निवांत होत नाहीत. "तात्यांका भेटलंस?" असं आई विचारतेच. पटवर्धन चौकाजवळच्या एका टपरीवर रोज सकाळी तात्यांचं खोलीखातं भरतं. फी एक कप चहा. सल्ला लांबला, तर भजी.

तात्या सतरा वर्षं दुबईत होते. त्यातली सुरुवातीची वर्षं सोनापूरच्या कामगार कॅम्पात आणि उरलेली करामातल्या एका पलंगावर गेली. स्वतःच्या नावावर खोली त्यांनी तिकडे कधीच घेतली नाही, आणि ते हे लपवतही नाहीत. 'बेडस्पेस' म्हणजे खोलीतला नुसता पलंग भाड्याने घ्यायचा. पलंग दुमजली असेल तर खालचा महाग, वरचा स्वस्त. एखाद्या मुलाने खालच्यासाठी हट्ट धरला, की तात्या म्हणतात, "कोकण रेल्वेत तुका कधी लोअर मेळलो? मग दुबैत कसो मेळतलो?"

तात्यांचे वडील लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. ट्रंकेपुरती जागा, दिवसपाळीवाला उठून गेला, की त्याच वळकटीवर रातपाळीवाला आडवा. करामा म्हणजे एसी लावलेलं लालबाग, असं तात्यांचं मत आहे. गिरणगावावर जाडजूड प्रबंध लिहिणाऱ्यांनी एकदा या टपरीवर येऊन जावं.

खोलीची परीक्षा हल्ली व्हिडिओ कॉलवर होते. शारजाच्या अल नहदात कुठल्या तरी जिन्यावर उभा राहून मुलगा मोबाइल फिरवतो आणि इकडे तात्या चष्मा कपाळावर चढवून हुकूम सोडतात. "पंख्याक कित्याक दाखवतंस? न्हाणी दाखव! सकाळी सहाक लायन किती असता, ता इचार. एसीचो रिमोट कोणाच्या उशाखाली?" मग आवाज खाली आणून निर्वाणीचा प्रश्न, "सुके बांगडे भाजूक देतत?" यावर 'नाही' आलं, तर भाडं निम्मं असलं तरी खोली बाद.

लग्न झालेल्यांचं प्रकरण वेगळं. त्यांना अख्खा फ्लॅट लागतो, त्याचा करार 'इजारी' नावाच्या सरकारी यंत्रणेत नोंदवावा लागतो आणि वर्षाच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक एकदम द्यावे लागतात; कधी चार, कधी दोन, घरमालक अडून बसला तर एकच. पूर्वी चेक वटला नाही तर थेट पोलीस यायचे. २०२२ पासून तो कायदा बराच सैल झाला, असं एका मुलाने त्यांना वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, "कायदो बदाललो. शेख बदाललो काय?"

२०२५ च्या जूनमध्ये दुबई महापालिकेने खोल्यांमधली बेकायदा पार्टिशनं काढायची मोहीम हाती घेतली, तेव्हा त्यांचा फोन दिवसभर गरम होता. प्लायवुडच्या आडोशाला संसार मांडलेली माणसं रात्रीत बेघर होणार होती. तात्यांनी जुन्या ओळखी उकरून काढल्या आणि ज्यांचं जमलं त्यांना गाववाल्यांच्या पलंगांवर आळीपाळीने टेकवलं. त्या दिवसांत त्यांनी भजी मागितली नाहीत.

पंचाईत केली जर्मनीने. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि पोरं दुबई सोडून स्टुटगार्टचं नाव काढू लागली. तिथला घरमालक आधी पगाराच्या पावत्या मागतो, मग कर्जं वेळेवर फेडल्याचा 'शुफा' नावाचा दाखला. "आमच्या चेडवाच्या लग्नाक इतके कागद लागले नाय!" पण तात्या खरे कोसळले ते स्वयंपाकघर बघून. तिथे नुसत्या चार भिंती आणि एक नळाचं तोंड. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं, वर दिवेसुद्धा उतरवून नेतो, ही तिकडची रीतच आहे. तात्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मेल्या, हेच्यात बांगडो भाजतलंस खंय?"

तरी त्यांचा एक नियम जर्मनीतही चालला. 'मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, चावी कुरियरने येईल,' असं एका घरमालकाने ईमेलवर कळवलं होतं. मुलगा पैसे भरायला बसला होता. "आपलो माणूस दारात उभो रवल्याबिगर दमडी सोडू नको," तात्या गरजले. कुडाळच्या कुणाचा तरी मेहुणा पत्त्यावर जाऊन आला. तिथे दातांचा दवाखाना होता.

आता तात्या स्वतःही घरमालक आहेत. जानवलीच्या बाजूला घरावर माडी चढवून तीन खोल्या काढल्यात आणि सतरा वर्षांत ज्या ज्या अटींना शिव्या घातल्या, त्या सगळ्या लावल्यात. बॅचलर नको. दहानंतर पाहुणे नकोत. चेक चार. मागच्या महिन्यात विदर्भातून बदलून आलेले एक बँक अधिकारी खोली बघायला आले. तात्यांनी पगार विचारला, फॅमिली कधी येणार ते विचारलं, चेकचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खिडकी उघडून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "काका, खाली तुम्ही सुकी मासळी भाजता का?"

तात्यांना असा प्रश्न विचारायची सवय होती, ऐकायची नव्हती.

"बुधवार, शुक्रवार, रविवार," ते शेवटी म्हणाले. "तेवढी खिडकी लावून घ्या. भाडं दोनशेनं कमी करतो."