हद्दीबाहेरचं विमान

मुंबईहून विमानानं निघालो, वाटेत आखातात विमान बदललं आणि कोपनहेगनला उतरून पर्यावरणरक्षक झालो. फारसे कष्ट पडले नाहीत. तिथल्या पर्यटन मंडळानं 2024 च्या उन्हाळ्यात 'कोपनपे' नावाची योजना काढली. पाहुणा सायकलनं किंवा रेल्वेनं आला, थोडा कचरा वेचला, की कुठे कॉफी फुकट, कुठे होडीची सैर फुकट. फुकट म्हटल्यावर मराठी माणसाचं पर्यावरणप्रेम उफाळून येतं. हॉटेलपासून संग्रहालयापर्यंत पॅडल मारलं की पुण्य जमा. मुंबईपासून हॉटेलपर्यंत कसे आलात, हे कोणी विचारत नाही.

शहर गुणाचं आहे, नाही म्हणू नये. एकेकाळी ज्या बंदरात सांडपाणी सोडत, तिथे 2002 पासून लोक पोहतात. सायकलींना स्वतंत्र पूल आहेत. नवी गाडी घ्यायची तर कर कधी कधी किमतीच्या दीडपट. मुळा-मुठेच्या काठानं नाक दाबून जाणाऱ्याला हे पाहून गहिवरून येणारच.

पण खरं देवस्थान म्हणजे कोपनहिल. कचरा जाळून वीज आणि घरांना ऊब देणारा हा कारखाना 2017 मध्ये सुरू झाला आणि दोन वर्षांनी त्याच्या उतरत्या छपरावर स्कीइंग. बर्फ नाही, हिरव्या प्लास्टिकचा खरखरीत गालिचा, मधूनमधून खरं गवत उगवलेलं. घसरायला पैसे पडतात, चढून जायला पडत नाहीत, म्हणून मी चढून गेलो. पायाखाली भट्टी, शेजारी चिमणी, समोर समुद्रात पवनचक्क्यांची रांग, आणि भोवती हेल्मेट घातलेली गोंडस मुलं. कचऱ्याच्या डोंगरावर सहल काढायची कल्पना आमच्या एकाही महापालिकेला सुचू नये, याचं वाईट वाटलं. डोंगर तर आपल्याकडे आयते आहेत.

अडचण एकच. भट्टी बांधली ऐसपैस, आणि तिला रोज घास लागतो. डेन्मार्क दरडोई कचऱ्यात युरोपात आघाडीवर, तरी पुरेना. मग ब्रिटनमधूनही कचरा आणला गेला. शहर कचरा वर्गीकरणात जितकं हुशार होईल, तितकी भट्टी उपाशी. उद्या लोकांनी कचरा करणंच सोडलं तर मुलांनी घसरायचं कशावर?

आता हिशेबाकडे येऊ. 2012 मध्ये कोपनहेगननं जाहीर केलं होतं की 2025 पर्यंत ही जगातली पहिली कार्बन-तटस्थ राजधानी होईल. त्यासाठी कोळसा सोडून लाकूड जाळायला घेतलं. लाकडाचा धूर हिशेबात शून्य. शहराच्या मालकीच्या पवनचक्क्या हद्दीबाहेर असल्या तरी त्यांचं पुण्य शहराच्या खात्यात. नागरिक जे कपडे, फोन, मांस बाहेरून मागवतात, त्यांचा धूर मात्र जिथे निघाला तिथल्यांचा. आणि ज्या विमानतळावर मी उतरलो, तो टॉर्नबी नावाच्या शेजारच्या नगरपालिकेत येतो. आपल्याकडे अपघात झाला की दोन चौक्यांचे पोलीस आधी हद्द मोजतात. ही विद्या आपण उगाच फक्त आपली समजत होतो.

एवढं करूनही बेरीज जमली नाही. कोपनहिलच्या चिमणीतला कार्बन पकडून जमिनीत पुरायचा बेत होता, पण सरकारी निधीच्या अटींत कारखाना बसला नाही. ऑगस्ट 2022 मध्ये महापौरांनी सांगून टाकलं की 2025 काही साधत नाही. तीन वर्षं आधी, जाहीरपणे! आमच्याकडे मुदत संपल्यावर मुदतवाढ मिळते आणि उद्घाटन आधीच उरकलेलं असतं. या बाबतीत डॅनिश लोक अजून कच्चे आहेत.

तेव्हा कोपनहेगनच्या पर्यटन मंडळाला एक विनंती. कोपनपेमध्ये आणखी एक बक्षीस घाला: जो आलाच नाही त्याला. आमच्या वाड्यात एक आजोबा आहेत. लोणावळ्यापलीकडे गेलेले नाहीत, भाजी कापडी पिशवीतून आणतात आणि पंखासुद्धा दोनवरच ठेवतात. तुमच्या नियमानं पाहिलं तर त्यांची बरीच कॉफी तुंबली आहे. कॉफी चालणार नाही म्हणतात, चहा पाठवा. मात्र विमानानं नको.