आधी एसएमपीएस, मग मोपा

गोव्यात 'गेमिंग' हा भारदस्त शब्द आहे. मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या जहाजांवर रात्रभर चालतं ते गेमिंग. 1976 च्या जुगारबंदीच्या कायद्याला 1992 साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांपुरती आणि 1996 साली जहाजांवरच्या टेबलांपुरती खिडकी पाडली, आणि खिडकीतून काय चाललंय ते बघायला आता गेमिंग कमिशनर आहे. म्हणजे या शब्दाला हुद्दा आहे, कचेरी आहे, महसूल आहे. तोच शब्द कोरगावच्या नाहीतर मयेच्या घरात बारावीच्या पोराने जेवताना उच्चारला, की वडिलांचा घास हातातच राहतो. वास्तविक सरकारी धोरण पोराच्या बाजूचं आहे. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयाला कॅसिनोत खेळायला मनाई आहे. तेव्हा त्याने गेमिंग करायचं तर स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकाच्या पेटीवरच करायचं, दुसरी सोय ठेवलेलीच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हा मथळ्यातला 'बंदी' एवढाच शब्द वाचून पुष्कळ वडीलधाऱ्यांना हायसं वाटलं असेल. पण बंदी आली ती पैसे लावून खेळण्यावर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने खेळ म्हणून पाटावर बसवलंय. त्यामुळे पेटी घ्यावी का, हा वाद संपला असं धरून चालू. पेटीत काय घालावं, हा वाद मात्र अजून नीट सुरूच झालेला नाही.

कारण आपल्याकडे गेमिंगची पेटी निवडली जाते ती लग्नाच्या हॉलसारखी: रोषणाई बघून. बजेट समजा 45 हजारांचं. त्यातले पहिले पैसे जातात काचेच्या कॅबिनेटला, त्यातल्या सप्तरंगी पंख्यांना, आणि ज्या ज्या वस्तूच्या नावाआधी 'गेमिंग' लिहिलंय त्या प्रत्येकीला. गेमिंग माउस, गेमिंग कीबोर्ड, गेमिंग खुर्ची. (खुर्चीवर बसून माणूस बँकेचं पासबुक वाचत असला तरी ती गेमिंगच राहते.) मग ग्राफिक्स कार्ड येतं आणि त्यात बजेट संपतं. उरलेल्या चिल्लरीत मदरबोर्ड, रॅम आणि एसएमपीएस 'बसवून द्या, पात्रांव' असं सांगून होतं. नवल याचं वाटतं, की हाच माणूस डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात बांगडा घेताना वरच्या चकाकीला भुलत नाही. तो कल्ले उलटून बघतो, लाल आहेत की नाही ते तपासतो, आणि नसतील तर कोळणीला दोन शब्द ऐकवून पुढे जातो. दोनशे रुपयांच्या मासळीला जी अक्कल वापरतो, ती 45 हजारांच्या पेटीला का वापरत नाही? पेटीलाही कल्ले असतात. त्यांना एसएमपीएस म्हणतात.

हा एसएमपीएस म्हणजे भिंतीतली 230 व्होल्टची वीज घेऊन आतल्या मंडळींना पचेल अशी करून वाढणारा आचारी. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत '500 वॉट' छापलेलं असतं, आणि गिऱ्हाईक तेवढंच वाचतं. तो डबा जरा हातात घ्या. रिकाम्या खोबरेल तेलाच्या डब्याएवढा हलका लागला, तर तिथेच संशय घ्यायला हरकत नाही. मग बाजूच्या लेबलावरचा बारीक तक्ता वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जेवतात ते 12 व्होल्टच्या पंगतीत. त्या रकान्यात 16 अँपिअर लिहिलं असेल, तर शाळेतला गुणाकार करायचा: 12 गुणिले 16, म्हणजे 192 वॉट. पाचशेचा दाखला, एकशे ब्याण्णवची कमाई. आता बेताच्या बजेटातली एक नेहमीची जोडी घ्या: आय-थ्री 12100 एफ हा प्रोसेसर जोरात आला की 89 वॉटपर्यंत जातो, आणि आरएक्स 6600 या कार्डाला 132 वॉट लागतात. बेरीज 221. पंखे, डिस्क, यूएसबीला टांगलेली दिव्यांची माळ अजून हिशेबात धरलेली नाही. म्हणजे खेळ रंगात आला, शत्रू समोर आला, की पेटी आपणहून बंद पडणार. दुकानदार 'विंडोज परत टाकून बघू' म्हणणार. तेही फुकट नाही. याच बजेटातले चार-साडेचार हजार '80 प्लस' शिक्का असलेल्या, 12 व्होल्टवर खरोखर 40 अँपिअरच्या आसपास देणाऱ्या एसएमपीएसला आधी बाजूला काढले असते, तर रोषणाई थोडी कमी झाली असती, एवढंच.

पण पेडण्यातल्या माणसाला हा उलटा क्रम उलटा वाटत नाही, यात त्याचा दोष किती? त्याचा अख्खा तालुका याच क्रमाने बांधायला घेतलाय. आधी आलं ग्राफिक्स कार्ड: मोपाचा विमानतळ, उद्घाटन 11 डिसेंबर 2022, विमानं 5 जानेवारी 2023 पासून. काचेच्या कॅबिनेटच्या जागी धारगळला कॅसिनोसकट मनोरंजन नगरीचा प्रस्ताव. सप्तरंगी पंखे आणि दणदणाट हवा म्हणून डिसेंबर 2024 मध्ये त्याच धारगळला सनबर्न. मदरबोर्डाची सोयही कागदावर आहे. तुयेत इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांसाठी वसाहत आखलेली आहे. मात्र मदरबोर्ड तिथे तयार होण्याची वाट बघण्यापेक्षा म्हापशाला जाऊन आणलेला बरा, असं कोणीही समंजस माणूस सांगेल. आणि एसएमपीएस? म्हणजे नळाचं पाणी, पावसाच्या पहिल्या सरीला न जाणारी वीज, रात्री दोनला उघडं असणारं हॉस्पिटल? त्याच तुयेत हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली, आणि ती नीट चालू व्हावी म्हणून लोकांना आंदोलन करावं लागलं. लेबल 500 वॉटचं, बारीक तक्ता वेगळा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोठी वस्तू आधी आणली की बाकीचं तिच्यामागून ओढलं जातं, असं म्हणणारे लोक आहेत. विमानतळ आला म्हणून रस्ते आले, गाड्या आल्या, काहींना नोकऱ्या मिळाल्या. हे खरं आहे. कार्डाच्या बाबतीतही हाच युक्तिवाद ऐकू येतो, की कार्ड आत्ता चांगलं घेऊ, एसएमपीएस पुढच्या चतुर्थीला बदलू. फरक इतकाच, की पेटीत दुखणं दहा मिनिटांत कळतं. तालुक्यात ते कळायला पाच वर्षं लागतात, आणि तेवढ्यात निवडणूक येऊन 'विंडोज परत टाकू' म्हणणारे दारात उभे राहतात. शिवाय अशक्त एसएमपीएस एकटा मरत नाही. जाताना कधीकधी मदरबोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जातो. तेव्हा मागून ओढलं जातं ते काय, याचा हिशेब आधी करावा.

दुसरा मोह नावाचा. 'आय-सेव्हन, 16 जीबी, गेमिंग पीसी' अशी पाटी, किंमत पंधरा-अठरा हजार, आणि आत बहुधा तिसऱ्या पिढीचा आय-सेव्हन 3770. हा प्रोसेसर एप्रिल 2012 चा. चार कोर, आठ थ्रेड. वर उल्लेख केलेला 'गरीब' आय-थ्री 12100 एफ 2022 चा. त्यालाही चार कोर, आठ थ्रेडच, पण प्रत्येक कोर दहा वर्षांनी तरणा आणि कितीतरी चपळ. सातवा मोठा की तिसरा, हा हिशेब इथे चालत नाही. जन्मसाल विचारावं लागतं. मूळ आडनाव मोठं असलं म्हणजे आजचा वारस शेत नांगरतोच असं नाही, हे खरं तर वेगळं सांगायला नको. शिवाय विंडोज 11 साठी इंटेल निदान आठव्या पिढीचा लागतो. म्हणजे या आय-सेव्हनला अकरावीत प्रवेश नाही, आणि दहावीचं, म्हणजे विंडोज 10 चं, सरसकट अद्ययावतीकरण 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं. बोर्डाच्या बाहेर उभा असलेला हा विद्यार्थी नावावर विकला जातो, आणि नाव वाचून घेतला जातो.

ग्राफिक्स कार्ड जुनं घ्यावं का, हा प्रश्न डिचोलीत विचारायला हवा. कारण 'मायनिंग'मध्ये राबलेली वस्तू कशी ओळखायची, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या आणि कर्जाने घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. बरोबर दहा वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, इथेरियम या आभासी नाण्याने आपली पद्धत बदलली, एका फटक्यात ग्राफिक्स कार्डांनी नाणी खणण्याचं काम बंद झालं, आणि जगभरची राबलेली कार्डं धुऊन-पुसून बाजारात आली. ट्रक असो वा कार्ड, प्रश्न तेच: रोज किती फेऱ्या मारल्या, किती तापला, कागद आहेत का. कार्डाचं बिल मागायचं, वॉरंटी किती महिने उरलीय ते नंबरावरून तपासायचं, आणि विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवून पंख्याचा आवाज ऐकायचा. मायनिंगचं कार्ड मुळीच घेऊ नये असं नाही. सतत एका चालीने चाललेलं कार्ड काही वेळा शौकिनाने पिळलेल्या कार्डापेक्षा बरं निघतं. पंखा आणि उष्णता वाहून नेणारी पट्टी बदलली की पुन्हा उभं राहतं. फक्त किंमत ट्रकासारखी ठरवावी, वरातीच्या गाडीसारखी नाही.

रॅमचं तर आता डिचोलीकरांना फारच ओळखीचं वाटेल. 2025 च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. कारण पोरांनी जास्त खेळ खेळले असं नव्हे. कृत्रिम बुद्धिमत्तेची जी प्रचंड डेटा सेंटरं उभी राहतायत, त्यांच्या पोटात मेमरी चालली आहे. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉन कंपनीने तर 'क्रूशल' या नावाने साध्या गिऱ्हाइकाला मेमरी विकणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एकेकाळी चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली म्हणून हलक्या प्रतीच्या लाल मातीला भाव आला आणि इथल्या माणसाने ट्रक घेतला. आता अमेरिकेतल्या कुठल्याशा यंत्राची भूक वाढली म्हणून त्याच माणसाच्या पोराची रॅम महागली. भूक नेहमी दुसरीकडची. 'मग भाव उतरेपर्यंत थांबा' असा सल्ला मिळतो. त्यात तथ्य आहे, पण बारावीचं वय थांबत नाही. यातून मार्ग एवढाच, की 16 जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. एकाऐवजी दोन पदरी रस्ता होतो. वेगळं कार्ड न घेता रायझन 5600 जी सारख्या प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर वर्षभर भागवायचं ठरवलं, तर त्याची सगळी मदार या दुपदरी रस्त्यावरच असते. आणि वर्षभर भागवणं हा बजेटातला सर्वांत शहाणा पर्याय आहे. दुकानात तो कोणी सुचवत नाही, हा त्याचा पुरावा.

राहिला लॅपटॉपचा आग्रह. 'अभ्यासही होईल, कॉलेजला नेता येईल.' संगणक घरात शिरण्याची सभ्य वाट आपल्याकडे नेहमी अभ्यासाचीच राहिली. विसाव्या शतकातून एकविसाव्यात येताना सायबरएज योजनेने अकरावीच्या पोरांना नाममात्र पैशांत संगणक दिले, तेव्हाही कारण अभ्यासच होतं. 2021 पासून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आलं तेही त्याचसाठी. पण लॅपटॉपचं कार्ड बदलता येत नाही. जोडलेल्या पेटीचं येतं. 2017 साली एएम-4 जातीचा मदरबोर्ड घेतलेल्या माणसाला त्याच बोर्डावर, बायोस बदलून, पाच वर्षांनी आलेला 5800 एक्स-थ्री-डी बसवता आला. 'पुढे बघू' हे वाक्य आपल्याकडे सरकारी फाइलीत शेवटचं असतं. इथे ते खरेदीत पहिलं असू शकतं, पण पाया त्या तयारीचा घेतला तरच.

सगळं जमलं, तरी मोरजी-मांद्र्याच्या खाऱ्या हवेत पेटीला बोट लावल्यावर मुंग्या येतात त्या येतातच, कारण तिसऱ्या पिनेच्या मागे अर्थिंग नसतं. काचेच्या कॅबिनेटला पाच हजार मोजणारं घर तिथे खड्डा खणत नाही. डिचोलीची गोष्ट तर आणखी मजेची: जिथली माती बोटी भरभरून परदेशी गेली, तिथे वीज सोडायला हातभर माती मिळेना, चिऱ्यावर कुदळ आपटते. त्यावर जुना वायरमन सांगतो तो उपाय कोणत्याही गेमिंगच्या दुकानात मिळत नाही: खोल खड्डा, तांब्याची पट्टी, कोळसा आणि जाडं मीठ. मीठ पेडण्यातल्या आगरवाड्याच्या आगरातलं चालेल. कॅसिनोवर जीएसटी 40 टक्के आहे, प्रोसेसरवर 18. मिठावर शून्य.