झाडाखालचा उमेदवार

बाबांचं मांडीचं हाड मोडलं आणि माझ्या डोक्यात नर्सिंगचं खूळ शिरलं. त्याला कारण वॉर्डातला ब्रदर. मी, म्हणजे बी. कॉम. प्रथम श्रेणी, रांजणगाव एमआयडीसीत हिशेबनीस, बाबांची कूस बदलायला गेलो की सलाईनची नळी माझ्या कोपराला अडकायची, चादर माझ्याच पायाखाली यायची, आणि ज्यांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही ते बाबा डोळे मिटून म्हणायचे, "अरे, त्या ब्रदरला बोलाव." तो यायचा, अंगाखालची आडवी चादर धरून हलकेच ओढायचा, की बाबा कुशीवर. मला हे शिकायचंच होतं.

घरात सांगितलं. आई म्हणाली, "तुला दूध उतू गेलेलं दिसत नाही, सलाईन संपलेलं काय दिसणार?" बायकोने काही न बोलता दौंडला माहेरी फोन लावला. सासरे रेल्वेतून निवृत्त. त्यांचा आधी समज झाला की जावयाची नोकरी गेली. खरा प्रकार कळल्यावर ते म्हणाले, "नोकरी गेली असती तर बरं होतं."

चौकशी केली तेव्हा कळलं की चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं आणि वर सीईटी. माझी जीवशास्त्राशी ओळख शाळेतल्या बेडकाच्या आकृतीपुरती, आणि तोही बेडूक बाईंनी बटाटा समजून तपासला होता. एएनएम फक्त मुलींना. उरलं तीन वर्षांचं जीएनएम. त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते, वय तेवढं 35 च्या आत हवं. मला 34 पूर्ण होऊन गेलेली. मग शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, फिटनेस यांच्यामागे सुट्ट्या टाकून धावलो आणि शेवटी गॅपच्या प्रतिज्ञापत्रासाठी नोटरीपुढे जाऊन बसलो.

"बारावीनंतर काय केलंत?"

"बी. कॉम."

"ते सोडून?"

"नोकरी, लग्न, दोन मुलं."

त्यांनी 'काही नाही' असं लिहून शिक्का मारला.

अर्ज द्यायचा होता दौंडच्या बाजूला. शिरूरहून न्हावरे, केडगाव, चौफुला करत एसटी निघाली, आणि केडगाव आलं तसा मला धीर आला. इथे मुक्ती मिशन उभं करणाऱ्या पंडिता रमाबाई म्हणजे संस्कृतातल्या केवढ्या विदुषी. पण 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायच्या इराद्याने, आणि कानांनी दगा दिल्यामुळे ते राहून गेलं. शास्त्रार्थ सोडून वैद्यकीकडे वळायचं त्यांच्या मनात येतं, तर मी निदान लेजर सोडायला काय हरकत? हे बायकोला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "ऐकू न येण्यात तुम्ही त्यांच्याही पुढे आहात."

रांगेत सगळ्या अठरा-एकोणीसच्या मुली, हातात प्लॅस्टिकचं फोल्डर आणि मागे एकेक बाप. शिपाई ओरडला, "पालकांनी बाहेर झाडाखाली थांबा." मी झाडाखाली थांबलो. तिथे भीमाकाठचे ऊसवाले होते, उसाचा दर, थकलेली बिलं, रात्रीची वीज असं बोलणं इतकं रंगलं की एकाने तंबाखू मळत "तुमची कितवी पोरगी?" असं विचारेपर्यंत आपण इथे का आलोय हे माझ्या ध्यानातच नव्हतं. धावत आत गेलो. खिडकी जेवणासाठी बंद झाली होती.

ती उघडली तेव्हा मॅडमनी विचारलं, "बारावी कशात?" मी म्हटलं, कॉमर्स, आणि त्या काही बोलायच्या आत फ्लॉरेन्स नाइटिंगेलला मदतीला घेतलं: ती बाई मुळात आकड्यांतली, क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथींनी जास्त मेले हे तिने तक्ते आणि आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं, 1858 मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला पहिली स्त्री सभासद करून घेतलं, तेव्हा हिशेबनिसाचं आणि नर्सिंगचं नातं फार जुनं आहे. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझी गुणपत्रिका उलटून पाहिली.

"त्यांना बारावीला इंग्रजीत किती होते?"

मला 38 होते. लागतात 40.

मी पदवीचं प्रथम श्रेणीचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. त्यांनी ते नीट घडी मोडून पाहिलं, छान आहे म्हणाल्या आणि परत दिलं. मागे उभ्या असलेल्या मुलीने हळूच म्हटलं, "काका, तुमच्या मुलीला पाठवा ना."

बाबा आता वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येतात आणि कूस आपली आपण बदलतात. मी जवळ गेलो की जरा लवकरच बदलतात. तुमच्या घरात पस्तिशीच्या अलीकडे कोणाला असं खूळ शिरलं असेल, तर पदवी कपाटातच राहू द्या आणि आधी बारावीची गुणपत्रिका काढून इंग्रजीचा रकाना बघा. 40 किंवा वर असतील तर खुशाल फॉर्म भरा. मला मात्र कळवू नका.